माओ असादाने ट्रिपल ॲक्सेल सोडायला हवी होती का?

मुग्धा_कोथरूड

मंडळी, धागा थोडा लांब आहे, पण मनात बरेच दिवस घोळतंय म्हणून लिहिते.

माझी लेक १३ वर्षांची आहे. गेली सहा वर्षं आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करते, चार चाकांचे क्वाड स्केट्स घालून. उड्यांची नावं बर्फावरचीच: टो लूप, सालकाव, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सेल. तिची गाडी ॲक्सेलवर अडलीय. गेल्या पावसाळ्यापासून रोज तीच उडी आणि रोज तीच आपटी. मांडीवर एक निळा डाग असतो, तो पिवळा पडेपर्यंत त्याच्यावर दुसरा उमटलेला. सरांचं म्हणणं, यंदाच्या स्पर्धेत ॲक्सेल काढू, त्या जागी फ्लिप-लूपची स्वच्छ जोडी घालू. पोरगी ऐकत नाही. परवा जेवताना मला म्हणाली, "माओने सोडली का?"

ही माओ म्हणजे माओ असादा. जपानमधल्या नागोयाची, जन्म २५ सप्टेंबर १९९०. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये तीन वेळा जगज्जेती (२००८, २०१०, २०१४), चार वेळा ग्रां प्री फायनल (मोसमातल्या निवडक सहा जणींची स्पर्धा) जिंकलेली. ऑलिंपिकमध्ये मात्र एकच पदक, वॅन्कुव्हर २०१०चं रौप्य. ट्रिपल ॲक्सेल ही तिची उडी. बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ॲक्सेल एकटी समोर तोंड करून घ्यायची. उतरायचं मात्र पाठमोरंच, त्यामुळे अर्धी गिरकी जास्त. तीन नाही, साडेतीन. वॅन्कुव्हरला एकाच स्पर्धेत तिने अशा तीन उड्या पूर्ण केल्या, त्याआधी कुठल्याही बाईने ते केलं नव्हतं. तरी सोनं गेलं कोरियाच्या किम योनाकडे, आणि किम ही उडी मारतच नव्हती. चार वर्षांनी सोची ऑलिंपिकच्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये (दोन फेऱ्यांतली पहिली, छोटी) माओ याच उडीवर पडली आणि थेट १६व्या क्रमांकावर गेली.

आता मला खरं सांगा, त्या उडीचा ध्यास तिने सोडायला हवा होता का? मुलीला काय उत्तर देऊ हे मला ठरवायचंय.

पंत_सातारकर

मुग्धाताई, माझं मत सरळ आहे. सोडायला पाहिजे होती. आमच्याकडं तालमीत वस्ताद सांगायचे, जो डाव बसलेला नाही तो मातीत रोज घासा, पण मैदानात काढू नका. मैदानात कुस्ती मारायची असते, हौस भागवायची नसते. ऑलिंपिक चार वर्षांनी येतं. तिथं जाऊन कच्चा डाव टाकायचा आणि मग डोळ्याला पदर लावायचा, हे मला पटत नाही. सरांचं ऐका.

चिमण

पंत, माओच्या पोशाखाला पदर नसतो :)

पंत_सातारकर

चिमण, भावना समजून घे रे.

गणिती

पंत, तालमीचं तुम्ही म्हणता ते तत्त्व म्हणून मान्य. पण वॅन्कुव्हरचे आकडे मांडून बघू, चित्र उलटं दिसतं.

त्या मोसमात ट्रिपल ॲक्सेलचे मूळ गुण ८.२ होते. ट्रिपल लुट्झचे ६ आणि ट्रिपल टो लूपचे ४. किमची ठरलेली जोडी म्हणजे लुट्झला लागून टो लूप, दोन्ही तिहेरी: १० गुण. माओची जोडी म्हणजे ट्रिपल ॲक्सेल आणि डबल टो लूप (१.३): ९.५ गुण. म्हणजे जी उडी जगात मोजक्याच बायकांना जमली, तिच्या जोडीला अर्धा गुण कमी! त्यात तेव्हाचा नियम असा की गिरकी पाव फेऱ्याहून जास्त अपुरी राहिली तर ती उडी डबल धरायची. डबल ॲक्सेलचे गुण ३.५. चूक केवढी आणि शिक्षा केवढी. २०१०च्या उन्हाळ्यात हे बदललं, ॲक्सेलचे मूळ गुण ८.५ झाले आणि अपुऱ्या गिरकीला साधारण ७० टक्के गुण मिळू लागले. माओचं वॅन्कुव्हर तोवर होऊन गेलं होतं.

आता निकाल. किम २२८.५६, माओ २०५.५०, कॅनडाची जोआनी रोशेट २०२.६४. किमशी फरक २३.०६चा, त्यातला १८.३४चा एकट्या फ्री स्केटिंगमध्ये (दुसरी, मोठी फेरी). तिथे माओच्या दोन्ही ॲक्सेल उतरल्या होत्या. गडबड झाली ती पुढे: एक फ्लिप अपुरी पडली, आणि टो लूप घेताना ब्लेडची कड अडकून तिहेरीची एकेरी झाली.

पंतांच्या सल्ल्याने ॲक्सेल काढली असती तर? फ्री स्केटिंगमधल्या दोन ट्रिपल ॲक्सेलच्या जागी दोन डबल ठेवून बघा. मूळ गुणांतच ९.४ कमी होतात. रोशेट होती अवघ्या २.८६ने मागे. बाकी सगळं तसंच राहिलं असतं तर रौप्यही गेलं असतं हो.

चिमण

गणिती, तुमच्या पेपरातला अर्धा मार्क खायची कुठल्या बाईंची छाती झाली नसणार.

पंत_सातारकर

आकडे पटले. म्हणजे डाव कच्चा नव्हता असं म्हणा. पण मग सोचीचं काय?

रानफूल

सोचीच्या आधी २००६चं सांगा ना कुणीतरी. तेव्हाचं आठवलं की अजून वाईट वाटतं.

नागोयाकर

सांगतो. मी इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, नागोयात नववं वर्ष. इथे माओची गोष्ट लोक घरातल्या मुलीसारखी सांगतात, "माओ-चान" म्हणूनच.

डिसेंबर २००५, तोक्यो, ग्रां प्री फायनल. १५ वर्षांच्या माओने तेव्हाची जगज्जेती इरिना स्लुत्स्कायाला हरवून सुवर्ण घेतलं. दोन महिन्यांवर तोरिनो ऑलिंपिक. नियम असा होता की १ जुलै २००५च्या आत १५ पूर्ण झालेली असली पाहिजेत. हिचा वाढदिवस २५ सप्टेंबर. ८७ दिवस कमी पडले. जगज्जेतीला नुकतंच हरवलेली मुलगी त्या ऑलिंपिकला गेलीच नाही. तोरिनोचं सुवर्ण जपाननेच जिंकलं, शिझुका अराकावाने, आणि या प्रकारात आशियातलं ते पहिलं सुवर्ण. ती त्याला पूर्ण लायक होती. तरी आमच्या खात्यातले वयस्कर तानाका-सान अजून बोटावर मोजून दाखवतात: जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१, सप्टेंबरचे २५.

आता ओसूच्या रिंकबद्दल. ओसू ही नागोयातली जुनी बाजारपेठ, ओसू कन्नोनच्या देवळाला लागून. देवळापुढे कबुतरं, छत घातलेल्या गल्ल्या, जुने कपडे, रेडिओचे सुटे भाग, तळणाचे वास. आपल्या तुळशीबागेत जीव रमणाऱ्याने एकदा यावंच. त्या गर्दीत एक साधी इमारत आहे, १९५३ पासूनची रिंक. मिदोरी इतो इथली, माओ इथली, मिकी आंदो इथली, शोमा उनोही इथलाच. मी लेकाला घेऊन गेलो तेव्हा आत पाऊल टाकताच थंडीबरोबर ओल्या रबराचा आणि भाड्याच्या बुटांचा वास आला. बर्फ एवढा कापला गेलेला की मधोमध पांढरा चुरा साठला होता. त्यातच एक सात-आठ वर्षांची मुलगी एकटी ॲक्सेल घेत होती. पडायची, उठायची, हातमोज्याने गुडघ्यावरचा चुरा झटकायची, आणि पुन्हा कडेने लांब वळसा घेऊन त्याच जागी यायची. कठड्याबाहेर तिची आई थर्मास धरून उभी. मी मोजायला लागलो आणि २० नंतर सोडून दिलं. त्या आईने एकदाही हाक मारली नाही.

शोमा उनो पाच वर्षांचा असताना याच रिंकवर माओने त्याच्याशी खेळत गप्पा मारल्या आणि तू फिगर स्केटिंग कर म्हणाली. तो पुढे २०२२ आणि २०२३चा जगज्जेता झाला.

मुग्धा_कोथरूड

नागोयाकर, त्या थर्मासवाल्या आईला मी ओळखते. आमच्या रिंकच्या कठड्याशीही अशा चार-पाच जणी असतो, थर्मासऐवजी आयोडेक्स घेऊन.

बंड्या_भाऊ

वयाचा नियम चांगलाच आहे की. आता तर सीनियर गटासाठी वय १७ केलंय. लहान पोरांच्या हाडांवर एवढा मारा बरा नव्हे.

डॉ_गुडघेदुखे

बंड्याभाऊंशी सहमत, आणि मुग्धाताईंसाठी थोडं व्यवसायाच्या बाजूने. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाव हौसेचं आहे.

उडीत स्केटर हवेत असते पाऊण सेकंदाहूनही कमी. तेवढ्यात हात छातीशी ओढून, पाय एकमेकांवर घट्ट आवळून गिरकी पूर्ण करायची. अंग जेवढं आवळलेलं तेवढी गिरकी वेगवान. मग एका पायावर उतरायचं, तेव्हा त्या पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. १२ ते १५ या वयात मुलींची उंची भराभर वाढते, कंबर रुंदावते, आणि काल बसलेली उडी आज बसेनाशी होते. मुलीची त्यात काही चूक नसते. मेंदूने पाठ केलेलं माप बदललेलं असतं, ते नव्याने पाठ व्हायला वेळ लागतो.

माओने ट्रिपल ॲक्सेल या वाढीच्या आधी शिकून वाढीनंतरही टिकवली. पुष्कळ मुलींची ती तिथेच हरवते. मला तिचं खरं मोठेपण त्यात दिसतं.

ताई, ॲक्सेल बंद करा असं मी म्हणणार नाही. एका सत्रातले प्रयत्न मोजून ठेवा, ठरलेला आकडा झाला की थांबवा. दमलेल्या अंगाने घेतलेली उडी शरीराला चूकच शिकवते. आणि तो डाग एकाच जागी पुन्हा पुन्हा येतोय म्हणजे ती दर वेळी एकाच पद्धतीने चुकतेय. सरांना मोबाइलवर चित्रण करून हळू गतीत बघायला सांगा.

केतकी_टोरांटो

इथे किम योनाची बाजू कुणी घेत नाहीये म्हणून मी घेते. मला दोघीही जीव की प्राण.

माओ आणि किमचा जन्म २० दिवसांच्या अंतराने, एकाच सप्टेंबरमधला. २००५ची ज्युनियर जागतिक स्पर्धा माओने जिंकली, २००६ची किमने. २००७ला दोघी सीनियर जागतिक स्पर्धेच्या पोडियमवर, २००८ला माओ पहिली, २००९ला किम, २०१०ला पुन्हा माओ. मधली सगळी वर्षं दोन्ही देशांची वर्तमानपत्रं या दोन पोरींना एकमेकींसमोर उभं करत होती. किम इथे टोरांटोच्या क्रिकेट क्लबमध्ये ब्रायन ऑर्सरकडे सराव करायची. (हो, नावात क्रिकेट आहे आणि आत बर्फाची रिंकही.) तिची लुट्झ-टो जोडी नीट बघा. उडीपूर्वी वेग कमी होत नाही, उतरल्यावर उलट वाढल्यासारखा वाटतो. पंचांनी त्याचे गुण दिले, ते योग्यच. किमला सोपं करून जिंकली म्हणणं अन्यायाचं आहे.

माझी मुलगी इथे शिकते. तिच्या क्लबात ॲक्सेलसाठी खांबाला दोरी लावून पट्टा बांधतात, कोच धावत धावत वर ओढून धरतो. रोलरला तशी सोय आहे का तिकडे?

अजून एक. वॅन्कुव्हरची तिसरी, जोआनी रोशेट, तिची आई स्पर्धेच्या दोनच दिवस आधी गेली होती. मुलीला बघायला वॅन्कुव्हरला आली आणि तिथेच गेली. त्या मुलीने तरी स्केट केलं आणि कांस्य घेतलं. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी झोपलं नसेल.

रानफूल

आणि माओची आई पुढच्याच वर्षी. डिसेंबर २०११. माओ ग्रां प्री फायनलसाठी क्वेबेकला पोहोचली होती. आईची तब्येत बिघडल्याचा निरोप आला, स्पर्धा सोडून निघाली, पण भेट झाली नाही. लहानपणापासून रिंकवर नेणारी, आणणारी, पाठीशी उभी राहणारी आई. त्याच महिन्यात माओ राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि जिंकली.

माझी आई गेली तेव्हा मी दोन महिने गाण्याचा क्लास बंद ठेवला होता. तानपुऱ्याला हात लावला की रडू यायचं. ही मुलगी दोन आठवड्यांत बर्फावर कशी गेली असेल?

नागोयाकर

रानफूल, त्याआधीचं एक वर्षही तेवढंच अवघड होतं, आणि मुग्धाताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे असं मला वाटतं.

वॅन्कुव्हरनंतर माओ नोबुओ सातोंकडे गेली. हे सातो स्वतः दहा वेळा राष्ट्रीय विजेते, त्यांची मुलगी युका १९९४ची जगज्जेती. ऑलिंपिकचं रौप्य आणि जगज्जेतेपद हातात असलेल्या मुलीने त्यांच्याकडे जाऊन सगळ्या उड्या मुळापासून बदलायला घेतल्या. पावलं, वेग, उडीत शिरण्याची वळणं, सगळं. त्या मोसमात नागोयातल्याच एनएचके ट्रॉफीत ती आठवी आली, पॅरिसला पाचवी. २०११ आणि २०१२च्या जागतिक स्पर्धांत सहावी. कल्पना करा, किशोरीताईंसारख्या गायिकेने ऐन बहरात पुन्हा सा लावायला बसावं. त्या काळात ट्रिपल ॲक्सेल तिने कार्यक्रमातून काढलीही होती. पंत, म्हणजे गरज पडली तेव्हा तिने डाव तालमीतच घासला. मग बसला तसा परत मैदानात आणला.

पंत_सातारकर

हे मला ठाऊक नव्हतं. आठव्या नंबरावर उतरून पुन्हा वर यायचं म्हणजे खायचं काम नाही. वस्ताद कोण म्हणालात? सातो? आणि त्याआधी?

नागोयाकर

लहानपणी माचिको यामादा, मग काही काळ कॅलिफोर्नियात राफाएल अरुतुन्यान, मग वॅन्कुव्हरपर्यंत रशियाच्या तातियाना तारासोवा, मग सातो.

यामादा बाईंचं महत्त्व मोठं. मिदोरी इतोही त्यांचीच शिष्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ट्रिपल ॲक्सेल उतरवणारी जगातली पहिली बाई, १९८८ साली. दुसऱ्या वर्षी जगज्जेती. १९९२च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकला तिच्या सरावात ही उडी नीट बसत नव्हती, म्हणून पहिल्या कार्यक्रमात तिने सुरक्षित मार्ग घेतला, ॲक्सेल काढून लुट्झ घातली. आणि त्या लुट्झवरच पडली. चौथ्या क्रमांकावर गेली. फ्री स्केटिंगमध्ये सुरुवातीला ट्रिपल ॲक्सेल घेतली, पडली. कार्यक्रम संपत आला, पाय दमलेले, आणि बाईने पुन्हा ट्रिपल ॲक्सेल घेतली. उतरली. ऑलिंपिकमध्ये बाईने उतरवलेली ती पहिली. रौप्य मिळालं.

पंत_सातारकर

एकाच वस्तादाच्या पोरी दोघी! आता कळलं. सुरक्षित डाव टाकून पडली आणि अवघड डाव टाकून उठली. हे वाचून मी खुर्चीतून उभाच राहिलो.

चिमण

पंत बदलले! धाग्याच्या इतिहासात नोंद व्हावी.

बंड्या_भाऊ

अवांतर: आपल्याकडे बर्फावर शिकायचं म्हटलं तर कुठे जायचं?

गणिती

सिमल्याला १९२० पासून उघड्यावरची रिंक आहे, हिवाळ्यातल्या थंडीवर पाणी गोठवतात. डेहराडूनला २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बंदिस्त रिंक बांधली, ती नंतर बरीच वर्षं बंद होती. गुरुग्रामला मॉलमध्ये एक आहे. महाराष्ट्रात मात्र गुणी मुलं चाकांवरच वाढतात, आणि पुण्या-मुंबईत ती भरपूर आहेत.

मुग्धा_कोथरूड

केतकी, दोरीची सोय आमच्याकडे नाही, पण कल्पना छान आहे, सरांना विचारते. डॉक्टर, चित्रण केलं. दर वेळी डावा खांदा आधीच उघडतोय, उडी सुटायच्या आत. सरांनी बघितलं, लेकीने दहा वेळा बघितलं. हे आधी का सुचलं नाही म्हणून मला हळहळ वाटली.

आता सोचीबद्दल मी सांगते, कारण ते चित्रण मी किती वेळा पाहिलंय.

१९ फेब्रुवारी २०१४. शॉर्ट प्रोग्रॅम, ५५.५१ गुण, १६वी. ॲक्सेलवर पडली, पुढे तिहेरी उड्यांची जोडी जमलीच नाही. गुणांची वाट बघताना चेहरा असा की त्या वेळी आईने जवळ असायला हवं होतं. पदक संपलं होतं, हे तिलाही माहीत होतं. वर मायदेशात माजी पंतप्रधान योशिरो मोरी जाहीर भाषणात म्हणाले की ही मुलगी मोक्याच्या वेळी हमखास पडते.

दुसऱ्या दिवशी फ्री स्केटिंग. १६वी म्हणून शेवटच्या गटात नाही, बरीच आधी नंबर. निळा पोशाख. रॅखमानिनॉफचा दुसरा पियानो कॉन्सर्टो, सुरुवातीला ते जड, घंटेसारखे सूर. पहिलीच उडी ट्रिपल ॲक्सेल. कालच जिच्यावर पडली तीच. कडेने येते, डावा पाय वाकतो, उजवा गुडघा वर, आणि उतरते. तिथून मग एकामागून एक, चार मिनिटांत सहाही प्रकारच्या तिहेरी उड्या, एकूण आठ. शेवटची पावलांची ओळ येते तेव्हा ती वाजणाऱ्या प्रत्येक सुरावर धावते, हात मागे फेकून. संगीत थांबतं, ती वर बघते, आणि चेहरा आवरता आवरत नाही. रडते, मग मान हलवते, मग हसून प्रेक्षकांना वाकून नमस्कार करते. १४२.७१. तिच्या आयुष्यातले फ्री स्केटिंगचे सगळ्यात जास्त गुण. फ्री स्केटिंगपुरती तिसरी, एकूण सहावी. पदक नाहीच.

त्या चार मिनिटांसाठी मी तिच्याकडे पदक मागणार नाही. मला कुठलंही पदक त्याहून लहान वाटतं.

रानफूल

मुग्धाताई, वाचतानाच डोळे भरले. मोरींना तिने काय उत्तर दिलं?

नागोयाकर

परत आल्यावर पत्रकारांनी विचारलं. माणूस आहे, चुका होतात, असं ती म्हणाली, आणि आता कदाचित मोरीसाहेबांनाच थोडा पश्चात्ताप होत असेल, असंही. हसत हसत. पुढे खेळणार का, तर म्हणाली निम्मं-निम्मं. महिनाभरात सैतामाला जागतिक स्पर्धा झाली. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ७८.६६, तेव्हाचा जागतिक विक्रम, ट्रिपल ॲक्सेलसकट. एकूण २१६.६९ आणि तिसरं जगज्जेतेपद.

बंड्या_भाऊ

मग सन्मानाने तिथेच थांबायचं ना! परत का आली?

केतकी_टोरांटो

बंड्याभाऊ, थांबायला सांगणारे आपण कोण? एक वर्ष विश्रांती घेतली, २०१५ला परतली, कारण तिला स्केट करायचं होतं. २०१६च्या राष्ट्रीय स्पर्धेत १२वी आली आणि एप्रिल २०१७ला स्वतःच्या ब्लॉगवर लिहून निवृत्त झाली. शेवटच्या मोसमापर्यंत ती ट्रिपल ॲक्सेलच्या मागे होती.

गणिती

म्हणजे मूळ प्रश्न परत तिथेच. सोडायला हवी होती का?

नागोयाकर

तिलाच जवळजवळ हा प्रश्न विचारला होता. १२ एप्रिल २०१७, तोक्योतली निवृत्तीची पत्रकार परिषद. इथे कामाच्या वेळेत कॅन्टीनमधल्या टीव्हीवर दाखवत होते आणि कुणी उठेना. एकाने विचारलं, ट्रिपल ॲक्सेलला काही सांगायचं असेल तर काय सांगाल? ती थोडा विचार करून म्हणाली, मला जरा सोपेपणाने का मारू देत नाहीस? एखाद्या हट्टी मैत्रिणीशी बोलावं तसं. सगळे हसले, तानाका-सान डोळे पुसत होते.

पुन्हा जन्म मिळाला तर स्केटिंग कराल का, यावर ती म्हणाली, नाही, या जन्मात सगळं करून झालं, काही राहिलं नाही. मग केकचं दुकान, कॅफे असलं काहीतरी आवडेल म्हणाली. शेवटी आभार मानताना आवाज अडकला तेव्हा पाठ फिरवून उभी राहिली, डोळे कोरडे केले, आणि हसत वळली.

त्यानंतर स्वतःचे शो घेऊन तिने जपानभर दौरे केले. तोक्योजवळ ताचिकावाला २०२४मध्ये तिच्या नावाची रिंकही सुरू झाली. नवी मुलं आता तिथे पडतायत आणि उठतायत.

पंत_सातारकर

मुग्धाताई, मी माझं मत मागे घेतो. डाव तिचा होता, तिनंच ठरवायचं होतं. तुमच्या लेकीचंही तसंच. फक्त डॉक्टर म्हणतात तसं मोजून घ्या, आणि तो डाग बरा होऊ द्या.

मुग्धा_कोथरूड

पंत, मनापासून आभार. हा सगळा धागा काल रात्री तिला वाचून दाखवला. आल्बेरव्हिलचं दोनदा वाचायला लावलं. मग स्वतःच सरांना फोन केला. ठरलं असं: या स्पर्धेत फ्लिप-लूप, कारण खांद्याची सवय मोडायला दोन महिने तरी लागतील. ॲक्सेल रोज १२, तेरावी नाही. वहीत तारीखवार लिहायचं, उतरली किती आणि खांदा उघडला किती.

आज पहिला दिवस. १२ पैकी एक उतरली, डगमगत, पण उतरली. उरलेल्या अकरांत खांदा सात वेळा उघडला. तिने पानावर वर लिहिलंय "माओ-चान", त्याखाली १/१२.

डॉ_गुडघेदुखे

सात म्हणजे चार वेळा बंद राहिला. पुढच्या आठवड्यात आकडा कळवा.